खरखरीची वंशावळ

श्रावणातील एखाद्या दमट सायंकाळी तानपुरे मिळवून झालेले असावेत, गायिका षड्ज लावण्याच्या बेतात असावी, आणि नेमक्या त्याच क्षणी स्वस्तातल्या कंडेन्सर मायक्रोफोनमधून फुटाणे फुटावेत तसा तडतडाट कानांवर यावा, हा प्रसंग मी इतक्या वेळा अनुभवला आहे, की अखेर या कसुराचे मूळ शोधल्यावाचून मला राहवेना.

ते मूळ पुष्कळ जुने आहे. 1916 साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत ई. सी. वेंटे यांनी हे यंत्र सिद्ध केले. ताणलेला पातळ पडदा आणि त्यामागील धातूची तबकडी यांमधील अंतर ध्वनिलहरींनी कमीअधिक होते व त्यातून विद्युत्संदेश उपजतो. परंतु हा संदेश इतका क्षीण, की तो जपण्यासाठी पुढे अब्जावधी ओहमांचे रोध योजावे लागले, आणि अशा रोधाशेजारी हवेतील ओलाव्याचा नुसता थर बसला तरी विजेला चोरवाट मिळते. तडतडाट होतो तो त्या चोरवाटेचा.

महागड्या यंत्रांतही दोष होतेच. गेऑर्ग नॉयमान यांनी 1928 साली बर्लिनमध्ये कारखाना काढला. त्यांच्या 1949 च्या विख्यात यू 47 मधील पीव्हीसीचा पडदा वर्षानुवर्षांनी सुकून तडकत असे. मात्र त्यातील व्हीएफ 14 ही टेलिफुंकेनची व्हॉल्व्ह सरसकट घेतली जात नसे. नगामागून नग पारखून, कसोटीस उतरेल त्यावरच ‘एम’ हे अक्षर उमटवीत. त्या तपासनिसाचे वेतन किमतीत धरलेले असे, आणि माझ्या मते स्वस्ताईने पहिली काट मारली ती याच रकमेवर.

बीजिंगमध्ये पूर्व जर्मनीच्या साहाय्याने उभारलेला 718 क्रमांकाचा संयुक्त कारखाना 1957 साली सुरू झाला. पुढे त्याचे विभाग पाडण्यात आले. त्यांतील 798 मध्ये आज कलादालने आहेत, तर 797 चे नाव मायक्रोफोनशी जोडले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून मोठ्या पडद्याचे स्वस्त माइक जगभर जाऊ लागले. त्यांपैकी पुष्कळांत नॉयमान यांच्या 1960 च्या यू 67 मधील कॅप्सूलचा, म्हणजे पडदा व तबकडीच्या जोडणीचा, नमुना उचललेला होता. ही कॅप्सूल तार स्वर मुळातच चढवून देते व मूळ यंत्रातील मंडल ती चढण हेतुपुरस्सर उतरवते. नक्कल करणाऱ्यांनी कॅप्सूल घेतली, उतरवण्याची तजवीज मात्र बहुधा गाळली. म्हणून अशा माइकवर ‘स’, ‘श’ आणि आपला ‘चमचा’मधला दंत्य ‘च’ कानाला पात्यासारखा लागतो. शिवाय एकाच पेटीतले दोन नग एका आवाजाचे निघतील याची खातरजमा नसते.

गेल्या पावसाळ्यात असा एक माइक मी उघडला. आतील मोठ्या रोधाच्या पायांशी, डाग देताना वापरलेल्या फ्लक्सचा तपकिरी, चिकट थर तसाच राहिला होता. कारखान्यात तो पुसण्याची दोन मिनिटे कोणी दिली नव्हती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ कुंचल्याने मी तो थर धुऊन काढला, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या स्टीलच्या डब्यात माइक रात्रभर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर मुसळधार कोसळत असताना त्याच्यासमोर तानपुरा छेडला. जव्हारीचा झंकार विरेपर्यंत मी ऐकत राहिलो. तडतड आली नाही.