इंजिन बांधून आणलं तरी ‘ठकठक’ का येते? रॉड नॉक ओळखायचा कसा, दुरुस्त करायचा कसा

जोराचा पाऊस झाला की बदलापुरात एक प्रश्न हमखास विचारला जातो, बेलवलीचा भुयारी मार्ग सुरू आहे का? शहराचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणाऱ्या या मार्गात पाणी साचतं आणि त्यातूनच गाडी काढण्याचा मोह अनेकांना होतो. पश्चिमेला उल्हास नदी आहेच. २६ जुलै २००५ चा पूर इथले लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

अशा पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं इंजिन बरेचदा पूर्ण खोलावं लागतं. मोठा खर्च करून इंजिन बांधलं जातं, गाडी घरी येते आणि काही दिवसांत बॉनेटखालून ‘ठक-ठक-ठक’ असा जड आवाज सुरू होतो. यालाच ‘रॉड नॉक’ म्हणतात. नव्याने बांधलेल्या इंजिनमध्ये हा आवाज आला, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. भाग बदलले गेले, पण मूळ दोष आत तसाच राहिला.

रॉड नॉक म्हणजे नेमकं काय?

पिस्टन वर-खाली जातो, तर क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचं खालचं, मोठं तोंड क्रँकच्या पिनवर बसतं. मधे अर्धगोल आकाराच्या दोन पातळ बेरिंग पट्ट्या असतात.

बेरिंग आणि क्रँकपिन यांच्यात मोजकी फट ठेवलेली असते. बहुतेक कारमध्ये ती साधारण ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर असते, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. या फटीत दाबाखाली ऑइल येतं आणि धातू धातूला न लागता ऑइलच्या थरावर तरंगतो. फट वाढली किंवा ऑइल कमी पडलं, की हा थर तुटतो आणि रॉड प्रत्येक फेरीत पिनवर आदळू लागतो. ३००० आरपीएमवर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो. त्यामुळे बिघाड किती वेगाने वाढत असेल, याची कल्पना येते.

पाण्याचा आणि रॉडचा संबंध काय?

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडर इंजिनमध्ये एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशनचं प्रमाण १० ला १ असेल, तर पिस्टन वर पोहोचल्यावर शिल्लक राहणारी जागा जेमतेम ३३ मिलिलिटर असते. एअर फिल्टरच्या वाटेने त्याहून जास्त, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे पाणी आत गेलं, तरी पिस्टन मधेच अडतो. क्रँक मात्र फिरतच असतो, त्यामुळे रॉड वाकतो. म्हणूनच पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून पाहू नये.

वाकलेला रॉड दरवेळी डोळ्यांना दिसत नाही. तो तपासून न पाहता परत बसवला, तर बेरिंगवर भार तिरका येतो आणि नवं बेरिंगही एका कडेने झिजतं.

आवाज रॉडचाच आहे का?

इंजिनमधली प्रत्येक ठकठक रॉडची नसते. इंजिन उघडण्याआधी काही गोष्टी पडताळता येतात.

• टॅपेटचा आवाज हलका, ‘टिकटिक’ असा आणि वरच्या बाजूने येतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत तो एकदा होतो. रॉडचा आवाज जड असतो आणि खालून, ऑइल चेंबरच्या बाजूने येतो.

• पिस्टन ढिला असेल, तर थंड इंजिनमध्ये आवाज जास्त येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो. रॉड नॉक बरेचदा उलट वागतो. ऑइल तापून पातळ झालं की तो वाढतो.

• रेस देताना आणि विशेषतः रेस सोडताना आवाज खणखणीत होत असेल, तर रॉडचा संशय बळावतो.

• एकेक सिलिंडर बंद करून पाहणं ही मेकॅनिकची जुनी युक्ती आहे. पेट्रोल गाडीत एका सिलिंडरची कॉइल आणि इंजेक्टर दोन्हीचे कनेक्टर काढले जातात. ज्या सिलिंडरला आवाज एकदम मऊ होतो, त्याच्या रॉडवर लक्ष द्यायचं. डिझेलमध्ये खराब इंजेक्टरही असाच फसवतो, म्हणून आधी इंजेक्टर तपासावा.

• ऑइलचा दाब वेगळा मीटर लावून, इंजिन गरम असताना मोजावा. तो कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी आला, तर फट वाढली आहे, पंप झिजला आहे किंवा ऑइल खेचणारी जाळी तुंबली आहे.

• ऑइल फिल्टर कापून उघडल्यास आतल्या कागदात चकाकी दिसते. चुंबकाला न चिकटणारे कण बेरिंगचे असू शकतात, तर चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे क्रँकसारख्या भागाचे असतात.

ही परीक्षा काही मिनिटांत आटोपावी. आवाज पक्का झाला की इंजिन बंद करून गाडी टो करून न्यावी. ‘गॅरेजपर्यंत तर जाईल’ या हिशेबाने चालवलेल्या गाडीचा रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडू शकतो. मग बेरिंगवर भागणारं काम अख्ख्या इंजिनवर जातं.

बांधलेल्या इंजिनमध्ये चूक कुठे होते?

आवाज कधी सुरू झाला, यावरून अंदाज येतो. पहिल्याच स्टार्टला आला, तर मापाची किंवा जोडणीची चूक असण्याची शक्यता जास्त. काही शे किलोमीटरनंतर आला, तर घाण किंवा ऑइलची कमतरता हे पहिले संशयित.

मापाची चूक अशी होते. क्रँक ०.२५ मिलिमीटरने घासला, तर बेरिंगही ०.२५ चंच लागतं. त्याजागी स्टँडर्ड बेरिंग बसलं, तर फट तेवढ्याने वाढते. बेरिंगच्या पाठीवर हे माप छापलेलं असतं.

दुसरी चूक कॅपची. रॉड आणि त्याची खालची कॅप कारखान्यात जोडीनेच तयार होतात. एकाची कॅप दुसऱ्याला लागली किंवा उलटी बसली, तर भोक गोल राहत नाही.

तिसरी चूक सफाईची. क्रँक घासल्यावर त्याच्या ऑइलच्या भोकांत धातूचा कीस अडकतो. पुराच्या गाडीत तर सगळ्या वाटांमध्ये बारीक गाळ असतो. चेंबर बसवताना जास्त लावलेलं सिलिकॉनही सुटून जाळी तुंबवतं.

चौथी चूक पहिल्या स्टार्टची. जोडताना बेरिंगला ऑइल न लावणं आणि ऑइलचा दाब तयार होण्याआधीच इंजिन रेस करणं.

योग्य दुरुस्ती कशी होते?

आधी चेंबर उतरवून बेरिंग काढली जातात. त्यांची झीज बरंच काही सांगते. सगळीकडे ओरखडे दिसले तर घाण, फक्त कडेला झीज दिसली तर वाकलेला रॉड किंवा तिरकी पिन, आणि पुसल्यासारखी वितळलेली पृष्ठभागाची पट्टी दिसली तर ऑइल कमी पडलं, असा अंदाज बांधता येतो.

नंतर क्रँकपिन मायक्रोमीटरने तीन-चार दिशांनी मोजली जाते. ती गुळगुळीत आणि गोल असेल, तर नवं बेरिंग पुरतं. ओरखडे असतील, तर क्रँक ग्राइंडिंगला जातो. काही कंपन्या आपल्या क्रँकला ग्राइंडिंगची परवानगी देत नाहीत, तिथे क्रँकच बदलावा लागतो. प्रत्येक रॉड सरळ आहे का आणि त्याचं मोठं तोंड गोल आहे का, हेही मोजलं जातं.

जोडणी करताना फट प्रत्यक्ष मोजण्यासाठी मेणासारखा मऊ प्लास्टिकचा धागा पिनवर ठेवून कॅप घट्ट केली जाते. पुन्हा उघडल्यावर धागा किती चेपला, ते सोबतच्या पट्टीवर पाहिलं की फट कळते. एकदा ताणले गेलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतील, तर नवे घेऊन कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच घट्ट करावे लागतात.

ऑइलच्या वाटा, पंप, जाळी आणि कूलर धुतल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. जुना कीस कूलरमध्ये राहिला, तर तो नवं बेरिंगही खातो. शेवटी इंधन बंद ठेवून, थांबत-थांबत स्टार्टर मारून ऑइलचा दाब तयार केला जातो आणि मगच इंजिन सुरू केलं जातं.

जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकून आवाज काही काळ दबतो. वाढलेली फट त्याने भरून येत नाही.

गाडीमालकाने काय मागावं?

गॅरेजकडून तीन आकडे लिहून घ्यावेत. क्रँकपिनचं माप, बेरिंगचं माप आणि प्रत्येक रॉडची फट. चौथा आकडा गरम इंजिनमधल्या ऑइलच्या दाबाचा. हे आकडे ज्या कामात मोजलेच गेले नाहीत, तिथे आवाज परत येण्याचा धोका राहतो.

जुनी बेरिंग फेकू न देता बिलं आणि जॉब कार्डसोबत ठेवावीत. सदोष सेवेविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाण्यामुळे झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घ्यावं लागतं आणि ते पावसाळ्याआधी पाहून ठेवलेलं बरं.