डिलिरियम, रुग्णालयातील वृद्धांचा
दाखल झालेल्या वृद्धाचे भान काही तासांत किंवा दिवसांत बिघडणे. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, अंगातले पाणी कमी होणे, झोपेच्या गोळ्या ही नेहमीची कारणे. रुग्ण सलाईनची सुई उपसतो, मुलीला ओळखत नाही. थोड्या वेळाने नीट बोलतो. गप्प पडून राहणारा ‘शांत आहे’ म्हणून दुर्लक्षिला जातो, ही फार गंभीर चूक. अमेरिकेत येल येथे शॅरन इनोये यांनी सत्तर व त्यापुढील वयाच्या ८५२ रुग्णांवर केलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या शुश्रूषेत १५ टक्क्यांना, तर चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, चालणे, रात्रीची झोप सांभाळलेल्या गटात ९.९ टक्क्यांना डिलिरियम झाला. आपल्याकडे उशाशी बसणाऱ्या नातेवाइकांना यातले बरेच करता येते. हातपाय खाटेला बांधल्याने मात्र भ्रम वाढतो.