एका शहराची तहान

रोज आठ पेले पाणी प्यावे, हा सल्ला आता कुणाला नव्याने सांगावा लागत नाही. त्याचा उगम शोधू गेले की बोट बहुधा १९४५ सालाकडे वळते. त्या वर्षी अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने म्हटले, की प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी पुरते. यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, हेही त्याच ठिकाणी नोंदवले होते. ती नोंद विसरली गेली, आकडा तेवढा उरला. २००२ मध्ये हाइन्झ वाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने आठ पेल्यांच्या नियमाचा शास्त्रीय आधार शोधला, तेव्हा तो त्याला सापडला नाही. पण त्याने विचार केला होता तो समशीतोष्ण हवेत, फारसे श्रम न करता राहणाऱ्या निरोगी माणसांचा. उन्हात राबणाऱ्यांना जास्त पाणी लागते, हे त्यालाही मान्यच होते.

चेन्नई या दुसऱ्या गटात मोडते. मे महिन्यातल्या 'अग्निनक्षत्रम्'च्या दिवसांत समुद्राकाठची हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो. तिथे भरपूर पाणी पिणे ही गरजच आहे. पण ते पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न या शहराच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी लागला आहे.

१६३९ मध्ये इंग्रजांनी जागा मिळवली ती किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्यावर. जवळ गोड्या पाण्याची मोठी नदी नाही, आणि खोल खणले की पाणी मचूळ. शहरातली पहिली संघटित पाणीव्यवस्था झाली ती १७७२ मध्ये, कॅप्टन बेकरच्या योजनेतून. त्या विहिरींचे नाव त्या भागाला आजही आहे: सेव्हन वेल्स, तमिळमध्ये 'एळु किणरु'. विहिरी होत्या देशी लोकांच्या 'काळ्या शहरा'च्या उत्तरेला, पाणी मात्र जाई फोर्ट सेंट जॉर्जमधल्या गोऱ्या वस्तीला. बाकीच्यांसाठी घरच्या विहिरी आणि देवळांची तळी होती.

पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रेझरने कोसस्थलैयार नदीचे पाणी चोळवरम आणि रेड हिल्सच्या तळ्यांत वळवण्याची योजना आखली. १८७२ मध्ये ते पाणी उघड्या कालव्यातून किलपॉकला आले, पण न गाळता. गाळलेल्या पाण्यासाठी शहराला आणखी चार दशके थांबावे लागले. जे. डब्ल्यू. मॅडली या अभियंत्याच्या देखरेखीखाली वाळूच्या गाळण्या आणि बंदिस्त वाहिनी झाली, आणि १९१४ मध्ये किलपॉकचे जलकेंद्र सुरू झाले. १९६१ साली शहराची वस्ती ६.६ लाख होईल आणि माणशी दिवसाला २५ गॅलन पाणी लागेल, असा तेव्हाचा अंदाज होता. प्रत्यक्षात १९६१ च्या जनगणनेत मद्रास १७ लाखांच्या पुढे गेले होते. मधल्या काळात महापौर एस. सत्यमूर्ती यांच्या पुढाकाराने पूंडीचे धरण आले. ते १९४४ मध्ये पुरे झाले, पण पाहायला सत्यमूर्ती हयात नव्हते.

या कहाणीत महाराष्ट्रही येतो. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातले कृष्णेचे ५-५ टीएमसी पाणी मद्रासला द्यायचे कबूल केले. पाण्यासाठी राज्याराज्यांत भांडणे नित्याचीच. त्यात तीन राज्यांनी चौथ्याची तहान आपली मानली, ही घटना मोठी आहे. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नदीचे पाणी श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असे करत १९९६ मध्ये तमिळनाडूच्या सीमेवर पोहोचले. वाटेतली घट धरून सीमेवर १२ टीएमसी मिळायचे होते, पण बहुतेक वर्षी तेवढे मिळाले नाही.

आता घोटाचा हिशेब करू. एक कोटी माणसे धरली आणि प्रत्येकाने दिवसाला अडीच लिटर पाणी प्यायले, तर वर्षाला लागतात सुमारे ९१२ कोटी लिटर. म्हणजे एक टीएमसीचा जेमतेम तिसरा हिस्सा. महाराष्ट्राने कबूल केलेल्या पाच टीएमसीत एवढ्या मोठ्या शहराचे पिण्याचे पाणी पंधरा वर्षे भागावे. पाणी खरे जाते ते धुण्या-न्हाण्यात, कारखान्यांत, गळक्या नळांत. आणि तरीही टंचाई आली की सगळ्यात आधी कोरडा पडतो तो गरिबाचा घसा.

२०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळपास आटले. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पहिली पाणीगाडी आली: ५० वाघिणी, २५ लाख लिटर. मराठी वाचकाला तीन वर्षांपूर्वीचे लातूर आठवेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचेच पाणी भरून गाडी तिकडे गेली होती. चेन्नईच्या गल्ल्यांत प्लास्टिकच्या रंगीत घागरींच्या रांगा टँकरची वाट पाहत होत्या. ज्यांना परवडत होते, ते वीस लिटरचा कॅन विकत घेत होते. ज्या बाईला घागरीतल्या पाण्यात स्वयंपाक आणि मुलांची तहान भागवायची असते, ती स्वतःच्या पेल्यात काटकसर करते. कामाच्या जागी स्वच्छतागृह नसेल, तर हाती पाणी असूनही पीत नाही. तिला 'भरपूर पाणी प्या' हे सांगणे म्हणजे जखमेवर मीठच.

तमिळ मुलखात उन्हाळ्यात रस्त्याकडेला 'तण्णीर पंदल' उभे राहतात. आपली पाणपोईच ती. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी रचलेल्या 'पेरिय पुराणम्'मध्ये अप्पूदि अडिगळ हे शिवभक्त आपल्या गुरूच्या नावाने असा मांडव घालतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मिळते. आजही त्या मांडवात माठातले पाणी असते, कुठे ताकही, 'नीर मोर'. किती पेले प्यायले, याची मोजदाद तिथे कुणी ठेवत नाही. आरोग्याचा सल्ला देणाऱ्याने पेले मोजण्याआधी हा मांडव आठवावा. पाणी किती प्यावे हे ज्याचे त्याला तहान सांगते, पण तहान लागेल तिथे ते मिळावे, हे काम शहराचे आहे.