शास्त्रपाठ, पुराण आणि घरातील प्रार्थना : घोडबंदर किनाऱ्यावरील एका वाङ्मयव्यवहाराविषयी

ठाण्याच्या माजिवड्यापासून कासारवडवली, गायमुख ओलांडून जाणारा घोडबंदर रोड आज गृहसंकुलांचा रस्ता म्हणून परिचित आहे. तो ज्या घोडबंदर गावाकडे जातो, तेथे वसईच्या खाडीवर नजर ठेवणारा पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १५३४ च्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ मध्ये ठाणे व घोडबंदर आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. या दोन शतकांत खाडीच्या दोन्ही तीरांवर जो ख्रिस्ती समाज घडला, त्याच्या किल्ल्यांविषयी आणि चर्चवास्तूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या घरांत दिवेलागणीला जे म्हटले गेले, त्याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने जवळजवळ घेतलेली नाही.

प्रार्थना हा वाङ्मयप्रकार मानावा काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. बाराव्या शतकातील कार्थूसियन मठवासी दुसरा गिगो याने शास्त्रवाचनाची शिडी चार पायऱ्यांची कल्पिली होती : वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन. श्रवण-मनन-निदिध्यासनाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी अभ्यासकाला ही मांडणी परकी वाटू नये. प्रार्थना ही वाचनाची फलश्रुती नसून वाचकाने संहितेला दिलेले उत्तर आहे, हा तिच्यातील महत्त्वाचा विचार. मठाच्या शांततेत लॅटिन जाणणाऱ्यासाठी रचलेली ही शिडी साष्टीतल्या शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या ओसरीवर आणली, की तिची पहिलीच पायरी निखळते. मिस्सेतील वाचने लॅटिनमध्ये होत. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथसूचीच्या नियमांनी देशभाषेतील बायबलच्या वाचनावर कडक बंधने घातली होती. उत्तर द्यायचे, पण ज्याला उत्तर द्यायचे ते शब्दच कानी आलेले नाहीत, अशी ही अवस्था. जपमाळ आणि नित्याच्या प्रार्थना पाठ होत्या, शास्त्रपाठ नव्हता.

ही पोकळी पुराणाने भरली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) या संदर्भात नेहमी आठवते. जुनी पुराणे वर्ज्य झाल्यावर नवख्रिस्ती श्रोत्यानेच दुसऱ्या पुराणाची मागणी केली, असे त्या ग्रंथाच्या आरंभी येते. परंतु स्टीफन्स यांची साष्टी गोव्याची. ठाण्याची साष्टी निराळी. दोन्ही प्रदेशांना एकच नाव असल्यामुळे अभ्यासकांचीही कित्येकदा फसगत झाली आहे. ठाणे-वसईच्या ख्रिस्ती समाजाचे स्वतःचे पुराण १६५९ चे आहे आणि ते फ्रान्सिस्को वाझ द गिमरायश यांच्या नावावर आहे. रोमन लिपीतील या पद्यबद्ध ग्रंथाची भाषा उत्तर कोकणच्या ख्रिस्ती बोलीची, विषय ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा. चारही शुभवर्तमानकारांना अनुसरून हे कथन केले आहे, असा निर्वाळा त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच दिलेला आहे. उपवासकाळात ते वाचण्याची, ऐकण्याची रीत या समाजात होती.

भाषांतर न करता शास्त्राचा हवाला देणे, ही येथील कळीची गोष्ट होय. चार संहितांची एक कथा करणे हा अर्थनिर्णयच असतो. काय घ्यावे, कोठे थांबावे, कोणाच्या शोकाला जागा द्यावी, हे कथनकर्ता ठरवतो. ज्ञानेश्वरीला केवळ भाषांतर म्हणण्यास जो संकोच वाटतो, तोच येथेही वाटावयास हवा. दोन्ही ग्रंथांची योग्यता समान आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दुःखसहनाच्या कथेचे सामुदायिक श्रवण ज्या प्रार्थनेकडे नेते, तिच्यात एक व्याकरणिक स्थित्यंतर घडते. कथेतला ‘तो’ प्रार्थनेत ‘तू’ होतो. निवेदनाचा भूतकाळ संबोधनाच्या वर्तमानात येतो, आणि श्रोता वधस्तंभाच्या कथेबाहेर उभा राहू शकत नाही. कीर्तनातल्या आख्यानाचा श्रोता गजरात सामील होतो, तेव्हा याहून फार निराळे काही घडत नाही.

या पुराणाची मुंबईतील आवृत्ती १८४५ ची आहे. मराठी नवा करार १८११ मध्येच सेरामपूरला छापला गेला होता. म्हणजे गद्य शास्त्रपाठ उपलब्ध झाल्यानंतर चौतीस वर्षांनीही या समाजाला पुराण छापून हवे होते. यात केवळ अभिरुची पाहणे भाबडेपणाचे ठरेल. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे भाषांतर कॅथलिकांना सहजी स्वीकारता येणारे नव्हते, हे उघड आहे. तरीही पुनर्मुद्रण होण्यासाठी वाचणारा आणि ऐकणारा असावा लागतो. १७३९ नंतर ज्या राजसत्तेच्या आश्रयाने हा ग्रंथ निर्माण झाला ती येथून गेली. शतकभराने ग्रंथ पुन्हा छापला गेला तो घराघरांतील सवयीच्या बळावर.

आमच्या वाङ्मयेतिहासाने हे का पाहिले नाही? जे. गेर्सन दा कुन्हा यांनी १८८१ मध्ये भाषेचा इतिहास म्हणून, अ. का. प्रियोळकरांनी १९५८ मध्ये मुद्रणाचा इतिहास म्हणून या ग्रंथपरंपरेकडे लक्ष वेधले. दोघांचेही ऋण मोठे आहे. पण श्रवण आणि प्रार्थना हा ग्रंथाचा उपयोग नसून त्याच्या अस्तित्वाचा प्रकार आहे, ही दृष्टी पुढच्या समीक्षेने घ्यावयास हवी होती. रोमन लिपी, बोलीभाषा आणि धर्मप्रसाराचा शिक्का या तिन्हींमुळे ते राहून गेले. स्टीफन्स यांची भाषा ‘ग्रांथिक’ मराठीच्या जवळची, म्हणून १९५६ मध्ये त्यांना शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती लाभली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर देशभाषांना उपासनेत स्थान मिळाले. १९६९ च्या नव्या वाचनक्रमाने रविवारसाठी तीन वर्षांचे व इतर दिवसांसाठी दोन वर्षांचे चक्र आखून दिले. आता प्रत्येक दिवसाला त्याचा शास्त्रपाठ आहे, आणि त्या पाठातून स्फुरलेली त्या दिवसाची प्रार्थना लिहिण्याची प्रथाही रूढ झाली आहे. गिगोची पहिली पायरी अशा रीतीने परत मिळाली. परंतु मिळाली ती प्रमाण मराठीत, आणि घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींतून बहुधा इंग्रजीत. ज्या समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे इंग्रजी नाव घेतले, त्याच्या बोलीतील प्रार्थना गावठाणातल्या क्रूसापाशी, मे महिन्यातल्या जपमाळेच्या वेळी अजून कानी पडते. ती ऐकताना सोबत १६५९ चा ग्रंथ हाती धरून त्यातील वाक्यांचा बाज, संबोधनांची रूपे आणि कथेचे थांबे ताडून पाहणे, हे काम मराठीच्या पदव्युत्तर विभागांना सहज करता येण्याजोगे आहे.