अमेरिकेत मतदानाचा हक्क कोण राखतं? केंद्र सरकारचा हात कुठवर पोचतो, वाचा

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. गावात बीएलओ फिरतो, नाव नसलं तर ६ नंबरचा अर्ज भरायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत असा एकच आयोग नाही. तिथं राष्ट्राध्यक्षाची निवडणूकसुद्धा राज्यं आणि त्यांच्या खालच्या कौंट्या घेतात. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. यादी त्यांची, मतदान केंद्रं त्यांची, मोजणीही त्यांचीच. केंद्राचं ‘फेडरल इलेक्शन कमिशन’ आहे, पण नावावर जाऊ नका. ते प्रचारातल्या पैशाचा हिशेब बघतं, निवडणूक घेत नाही.

मग केंद्राचं काम काय? राज्यानं कुणाचा हक्क मारला तर मध्ये पडणं.

वंशावरून मत नाकारता येणार नाही, असं १८७० च्या घटनादुरुस्तीनं ठरलं होतं. तरी दक्षिणेकडच्या राज्यांनी पळवाटा काढल्या. मत द्यायचं तर कर भरा, लिहिण्या-वाचण्याची परीक्षा द्या, घटनेच्या कलमाचा अर्थ सांगा. उत्तर बरोबर की चूक ते ठरवणार तिथला गोरा अधिकारी. अलाबामा राज्यातल्या डॅलस कौंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते. केंद्राच्या न्याय खात्यानं तिथं चार वर्षं खटला चालवला. एवढं करून यादीतली त्यांची नावं १५६ वरून गेली ३८३ वर! कोर्टानं एक अडवणूक बंद केली की हे दुसरी काढायचे.

याच कौंटीतल्या सेल्मा गावात ७ मार्च १९६५ रोजी हक्क मागणाऱ्या मोर्चावर पोलिसांनी पुलाजवळ लाठ्या चालवल्या. साऱ्या देशानं ते टीव्हीवर बघितलं. त्याच वर्षी ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली.

या कायद्यात खरा दम होता तो अंमलबजावणीत. केंद्राची माणसं थेट कौंटीत जाऊन नावं नोंदवायला लागली, स्थानिक अधिकाऱ्याच्या पाया पडायची गरज उरली नाही. वर्षअखेर अडीच लाख नवे कृष्णवर्णीय मतदार झाले, त्यातले एक तृतीयांश केंद्राच्या माणसांनी नोंदवलेले. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांपैकी शंभरात सात जणांचीही नावं यादीत नव्हती, ती दोन वर्षांत साठच्या आसपास गेली.

दुसरं हत्यार पूर्वपरवानगीचं. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा, मतदान केंद्र हलवायचं तरी आधी केंद्राच्या न्याय खात्याची किंवा वॉशिंग्टनच्या कोर्टाची मंजुरी लागायची.

२५ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की कुठल्या राज्यांना परवानगी लागेल हे ठरवण्याचं सूत्र जुनं झालंय, ते रद्द. त्यामुळं पूर्वपरवानगीच लंगडी पडली. टेक्सासनं आधी अडवलेला फोटो ओळखपत्राचा कायदा त्याच दिवशी लागू करत असल्याचं जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायनानं नियम कडक केले. ते कृष्णवर्णीयांच्या विरोधात आहेत म्हणून कोर्टानं रद्द केले २०१६ मध्ये, तोवर २०१४ ची निवडणूक होऊन गेली होती. म्हणजे बांध कोरून, पेरणी करून, पीक घरात आल्यावर मोजणी व्हावी तसं.

केंद्राच्या हाती आता काहीच नाही असंही नाही. न्याय खातं कोर्टात जाऊ शकतं. १९९३ च्या कायद्यानं बहुतेक राज्यांत केंद्रीय निवडणुकीआधीच्या ९० दिवसांत यादीतून सरसकट नावं काढायला बंदी आहे. एखादी भाषा बोलणारे, पण इंग्रजी कमी येणारे मतदार ठरावीक संख्येच्या वर असले तर त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते; न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये ती बंगालीत मिळते.

आपल्याकडे यादीत नाव नसेल तर कार्ड दाखवूनही मत देता येत नाही. तिथं २००२ च्या कायद्यानं केंद्रीय निवडणुकीत अशा माणसाला तात्पुरती मतपत्रिका मिळते. ती वेगळी ठेवतात, आणि तो पात्र आहे अशी खात्री पटली की मोजणीत धरतात.