दोन हजार डॉलरचं ग्राफिक्स कार्ड: आधी इतिहास, मग हिशोब

पोस्ट लांब आहे, पण घरात तेरा ते अठरा वयाचं कुणी असेल तर वेळ काढून वाचा.

"आई, बाकी काही नको, फक्त एक ग्राफिक्स कार्ड," असं म्हणून मुलं जी लिंक पाठवतात, ती बऱ्याचदा यादीतल्या सगळ्यात वरच्या कार्डाची असते. सध्या ते एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९०. जानेवारी २०२५ मध्ये ते आलं तेव्हा अमेरिकेतली जाहीर किंमत होती १,९९९ डॉलर. यावर आपण एकतर "वेड लागलंय का?" म्हणतो, नाहीतर नोकरीच्या धबडग्यात वेळ देता येत नाही म्हणून गुपचूप कार्ड स्वाइप करतो. दोन्ही उत्तरं माहिती न घेता दिलेली. मी सीए आहे, त्यामुळे किंमत दिसली की ती कशी तयार झाली हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सुरुवात १९९६ ची. आपल्यापैकी काहीजण तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडत होते. त्या वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीची वूडू चिप आली आणि घरच्या पीसीवर थ्रीडी गेम सुरळीत चालायला लागले. आधी ही कंपनी फक्त चिप बनवायची, कार्ड दुसरे उत्पादक करायचे. पुढे तिने स्वतःच कार्ड बनवायला घेतली, तसे ते उत्पादक एनव्हिडियाकडे वळले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता त्याच एनव्हिडियाला विकायचं ठरवलं.

नंतर बरीच वर्षं किंमत आवाक्यात राहिली, कारण समोर स्पर्धक होता. २००६ चं ८८०० जीटीएक्स ५९९ डॉलरला. जून २००८ मध्ये जीटीएक्स २८० आलं ६४९ ला. आठवडाभरात एएमडीने रेडिऑन ४८७० फक्त २९९ ला आणलं आणि काही आठवड्यांतच २८० ची किंमत ४९९ वर आली. २०१२ चं जीटीएक्स ६८० सुद्धा ४९९ लाच होतं.

२०१३ मध्ये एनव्हिडियाने वरच्या मजल्यावर आणखी एक मजला चढवला: टायटन, ९९९ डॉलर. तीनच महिन्यांनी त्याच चिपची थोडी छाटलेली आवृत्ती जीटीएक्स ७८० म्हणून ६४९ ला आली, आणि वेगात ती फार मागे नव्हती. पण हजार डॉलर देणारे लोक आहेत हे कंपनीला कळलं होतं. २०२० चं आरटीएक्स ३०९० थेट १,४९९ ला आलं.

मधल्या काळात दुकानाच्या रांगेत आपल्या मुलांपुढे दुसरेच लोक येऊन उभे राहिले. आधी क्रिप्टो मायनिंगवाले. आमच्या व्यवसायातल्या लोकांना यातला एक तपशील आवडेल: मायनिंगमुळे गेमिंगच्या विक्रीत किती भर पडली हे गुंतवणूकदारांना नीट सांगितलं नाही, या आरोपावरून अमेरिकेच्या एसईसीने २०२२ मध्ये एनव्हिडियाला ५५ लाख डॉलरचा दंड लावला. मग एआय आलं. जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाचं उत्पन्न सुमारे १३०.५ अब्ज डॉलर होतं. त्यात गेमिंगचे साधारण ११.३५ अब्ज, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. ज्या गिऱ्हाइकाचा वाटा एवढाच, त्याच्यासाठी कंपनी भाव पाडेल अशी आशा धरू नका.

आता घसारा बघा. २०१५ चं ९८० टीआय ६४९ ला होतं. वर्षभरात ३७९ डॉलरच्या १०७० ने त्याची बरोबरी केली. २०१८ चं २०८० टीआय ९९९ पासून पुढे. दोन वर्षांत ४९९ चं ३०७० वेगात त्याच्या जवळपास आलं, फक्त मेमरी ११ ऐवजी ८ जीबी. आणि एकाच पिढीत तुलना केली तर ३०८० होतं ६९९ ला. दुपटीहून जास्त पैसे भरून ३०९० चा वेग फोरकेवर साधारण दहा-पंधरा टक्केच जास्त. अपवाद २०२२ च्या ४०९० चा. ते खालच्या कार्डापेक्षा खरंच बरंच पुढे होतं आणि एआयच्या मागणीमुळे त्याची किंमतही फारशी उतरली नाही. पण एका अपवादावर घरचं बजेट ठरवू नये.

म्हणून मुलांशी बोलताना चार गोष्टी विचारा.

१. मॉनिटर कोणता आहे? साध्या १०८०पी मॉनिटरला ५०९० जोडणं म्हणजे गल्लीत फेरारी चालवणं.

२. मेमरी किती? ८ जीबी आता कमी पडायला लागली आहे. १२ किंवा १६ बघा.

३. वीज किती खाणार? ५०९० ची मर्यादा ५७५ वॉट, त्यासाठी १,००० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवला जातो. तो नसेल तर तोही खर्चात धरा, आणि कॅबिनेटमध्ये जागा आहे का ते मोजा.

४. आत चिप कोणती? नावावर जाऊ नका. २०२२ मध्ये ४०८० याच नावाने दोन वेगळ्या चिपची कार्डं जाहीर झाली होती. ओरड झाल्यावर ८९९ चं १२ जीबीवालं मागे घेतलं गेलं आणि जानेवारीत ४०७० टीआय म्हणून ७९९ ला आलं.

भारतात परतायचा विचार असेल तर वॉरंटी तिथे चालते का, हेही आधी तपासा.

माझं मत सांगते: बहुतेक घरांसाठी वरून दुसरं किंवा तिसरं कार्ड घ्यावं आणि उरलेले पैसे चांगल्या मॉनिटरला किंवा तीन-चार वर्षांनंतरच्या कार्डाला ठेवावेत. मुलाला थ्रीडी मॉडेलिंग किंवा एआयचं काम मनापासून करायचं असेल तर जास्त मेमरीचं वरचं कार्ड ही चैन ठरत नाही, तेव्हा हिशोब वेगळा मांडा.

पण तो मांडायला मुलालाच सांगा. किंमत, किती वर्षं वापरणार, विकताना काय येईल, वर्षाला खर्च किती पडतो. एक पान पुरे. ते पान नीट भरून आणलं तर "हो" म्हणताना अपराधीपणा नसेल, आणि "नाही" म्हणालात तरी का म्हणालात हे त्याला कळेल.