ऋतुसमाप्ती आणि औषधसमाप्ती

सुश्रुतसंहितेने स्त्रीच्या ऋतुकालाची मर्यादा बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितली आहे. हे विधान पाऊसपाण्याच्या नोंदीइतके सरळ आहे. घराघरांतील वडीलधाऱ्या स्त्रियाही ‘पाळी गेली’ एवढ्या दोनच शब्दांत ही घटना सांगून मोकळ्या होत. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, अपरात्री फुटणारा घाम, उडालेली झोप आणि विनाकारण भरून येणारे डोळे या गोष्टी त्या दोन शब्दांच्या आड राहून जात. युरोपात या अवस्थेला ‘मेनोपॉज’ हे आज रूढ असलेले नाव मिळाले ते १८२१ साली, शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याकडून. नाव मिळाले आणि पाठोपाठ ही अवस्था वैद्यकाच्या कक्षेत आली. तेव्हापासूनचा दोनशे वर्षांचा इतिहास बहुधा औषधे कशी सापडली आणि कशी सुरू झाली याचाच सांगितला जातो. ती औषधे कशी थांबली, कोणी थांबवली आणि थांबवताना स्त्रीला कोणी काय सांगितले, हा इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आहे. आज चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रीला उपयोगी पडणारा भाग तोच आहे.

औषधाच्या शोधाची कथा थोडक्यात अशी. बीजांडकोशातून स्रवणाऱ्या द्रव्याचा शोध अमेरिकेत सेंट लुई येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये लावला. १९२९ मध्ये डॉइझी यांनी आणि जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनान्ट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर स्त्रियांच्या मूत्रातून त्यातील एक संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. इस्ट्रोजेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संप्रेरकांपैकी ते एक होय. पुढे गाभण घोड्यांच्या मूत्रापासून तयार केलेली ‘प्रेमारिन’ ही गोळी १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. वाफा थांबल्या, झोप लागू लागली. औषध गुणकारी होते, यात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

शंका निराळ्याच ठिकाणी उत्पन्न व्हावयास हवी होती. १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ऋतुसमाप्ती हा एक अभावजन्य रोग आहे, मधुमेह्याला जसे इन्सुलिन तसे प्रौढ स्त्रीला इस्ट्रोजेन, असा त्यांचा सिद्धान्त होता. विल्सन यांच्या कार्याला औषध कंपन्यांचे द्रव्यसाह्य होते, ही गोष्ट पुढे उघड झाली. या सिद्धान्तातील मोठा दोष असा की, त्यात शेवट नव्हता. अभाव जन्मभराचा, म्हणून औषधही जन्मभराचे! ते केव्हा थांबवावे, हा प्रश्नच उद्भवू नये अशी ही मांडणी होती.

प्रश्न उद्भवला तो १९७५ च्या डिसेंबरात. एका प्रख्यात अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एकाच वेळी दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका एका निबंधानुसार ४.५ पट, तर दुसऱ्यानुसार ७.६ पट आढळला होता. कारण उमगण्याजोगे होते. इस्ट्रोजेन हे अस्तर वाढवते, आणि त्या वाढीला आवर घालते ते प्रोजेस्टेरॉन. पहिले एकट्यानेच दिले, तर वाढीला लगाम राहत नाही. अनेक स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. त्यानंतर वैद्यकाने नियम केला की, जिचे गर्भाशय शाबूत आहे तिला इस्ट्रोजेनच्या जोडीने प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच जातीचे दुसरे औषध द्यावयाचे. धोका आटोक्यात आला. परंतु या दुसऱ्या औषधाने कोणाचे अंग सुजे, कोणाला पुन्हा रक्तस्राव होई, कोणाचे मन खिन्न राही.

यावर एक उपाय फिनलंडमधून आला. तापानी लूक्काइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलच्या सहकार्याने गर्भाशयात बसवण्याचे एक साधन तयार केले. मराठी वाचकांना गर्भाशयातील साधन नवे नाही. १९६५ पासून कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात ‘लूप’ आला आणि त्यानंतर ‘तांबी’ घरोघरी माहीत झाली. फिनलंडच्या या साधनात तांब्याऐवजी लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाचा ५२ मिलिग्रॅमचा साठा असतो आणि आरंभी त्यातून रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम औषध स्रवते. १९९० मध्ये ते फिनलंडमध्ये विक्रीस आले. गर्भनिरोध, अतिरक्तस्रावावर उपाय आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रीच्या अस्तराचे रक्षण अशी तीन कामे एकच साधन करू लागले. औषध जेथे हवे तेथेच पोचे आणि उर्वरित शरीरात त्याचा अंश अल्प राही.

मात्र या सोयीने एक नवीनच अडचण निर्माण केली. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ऋतुसमाप्ती झाली असे समजतात. हे वय पश्चिमेकडे सरासरी ५१ आणि भारतात सुमारे ४६ ते ४७ आहे. परंतु हे साधन बसवल्यावर बीजांडकोश चालू असतानाही अनेकींची पाळी बंद होते. म्हणजे पाळी गेली ती वयामुळे की साधनामुळे, हे बाहेरून कळत नाही. जोडीला इस्ट्रोजेन चालू असेल, तर वाफांची खूणही झाकली जाते. अशी स्त्री दहा वर्षे दोन पडद्यांआड वावरते आणि दोन्ही पडदे एकाच दिवशी दूर झाले, म्हणजे समोर आलेला त्रास कशाचा, हे तिलाही उमजत नाही आणि पुष्कळदा तिच्या डॉक्टरांनाही.

पडदा एकाएकी दूर होण्याचा सर्वांत मोठा प्रसंग २००२ च्या जुलै महिन्यात घडला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतील विशाल प्रयोगाच्या एका शाखेत गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या. निम्म्यांना संप्रेरकांची गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण निर्गुण गोळी दिली जात होती. ५.२ वर्षांच्या सरासरी अवधीनंतर ही शाखा मुदतीपूर्वीच बंद करण्यात आली आणि गोळ्या थांबवाव्यात असे पत्र या स्त्रियांना धाडण्यात आले. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो, हे वाक्य जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्यामागचा हिशेब असा होता: दहा हजार स्त्रियांनी वर्षभर निर्गुण गोळी घेतली तर ३० जणींना हा रोग होई, संप्रेरके घेतली तर ३८ जणींना. हृदयविकाराचे ७ आणि पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक आढळले. उलट खुब्याचे अस्थिभंग ५ ने कमी झाले. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्टही मथळ्यांत मावली नाही. अमेरिकेत १९९९ साली संप्रेरकांच्या सुमारे ९ कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या. २००३ चा अंदाज ५ कोटी ७० लाखांवर आला.

गोळ्या थांबवलेल्या त्या स्त्रियांचे पुढे काय झाले? प्रयोगाच्या चालकांनी ही विचारपूस केली, हे त्यांचे श्रेय. प्रश्नावलीला ८,४०५ स्त्रियांनी दिलेल्या उत्तरांवरून काढलेले निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २१.२ टक्के स्त्रियांना ती थांबवल्यावर मध्यम किंवा तीव्र वाफांचा त्रास झाला. निर्गुण गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण ४.८ टक्के होते. औषध सुरू करण्यापूर्वी ज्यांना हा त्रास होताच, त्यांच्यापैकी तर ५५.५ टक्के स्त्रियांना तो पुन्हा भोगावा लागला. सत्तरीच्या उंबरठ्यावर पन्नाशीतील वाफा परत आल्या! औषधाने तो काळ नाहीसा केलेला नव्हता, पुष्कळजणींच्या बाबतीत नुसता पुढे ढकलला होता. मेंदूच्या तळाशी शरीराची उष्णता सांभाळणारे जे केंद्र आहे, ते इस्ट्रोजेनच्या चढउताराला जागे असते आणि पुरवठा तुटला की बिथरते. यात स्त्रीच्या मनाचा दुबळेपणा नाही.

यानंतरच्या वीस वर्षांत लंबक पुन्हा मध्याकडे आला आहे. साठीच्या आत, किंवा ऋतुसमाप्तीनंतर दहा वर्षांच्या आत औषध सुरू केले, तर निरोगी स्त्रीच्या बाबतीत लाभ-हानीचा ताळा पुष्कळ अनुकूल पडतो, हे त्याच प्रयोगाच्या फेरतपासणीत दिसले. दुसऱ्या बाजूने, २०१९ च्या एका विस्तृत आंतरराष्ट्रीय पाहणीने असे दाखवले की, दोन्ही संप्रेरके रोज मिळून पाच वर्षे घेतल्यास दर ५० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचा सुमारे एक रुग्ण वाढतो, आणि औषध थांबवल्यावरही या धोक्याचा काही अंश दहा वर्षांहून अधिक काळ टिकतो. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने वेष्टनावर घातलेल्या ठळक इशाऱ्यातील बराच भाग काढून टाकण्याचे त्याच खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. इशारा आला तेव्हा घाबरून सर्वांनी थांबणे जितके अविचाराचे, तितकेच तो गेल्यावर सर्वांनी धावत जाऊन सुरू करणेही ठरेल.

मग थांबावे कसे? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने नोव्हेंबर २०१५ मध्ये दिलेले मार्गदर्शन या बाबतीत स्पष्ट आहे. एकदम थांबवावे की मात्रा हळूहळू कमी करावी, ही निवड स्त्रीने करावयाची. हळूहळू कमी केल्याने सुरुवातीच्या काळात त्रास उलटण्याचा संभव कमी राहतो. दीर्घकाळाचा विचार करता दोन्ही वाटांत अंतर नाही. याच २०१५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्यांना तो त्रास ७.४ वर्षांहून अधिक काळ झाल्याचे आढळले. सहा महिन्यांत सारे निवळेल, अशी समजूत घालणे म्हणूनच योग्य नव्हे. त्रास असह्य झाल्यास पुन्हा औषध घेणे ही हार नव्हे, आणि ज्यांना संप्रेरके वर्ज्य आहेत त्यांच्यासाठी २०२३ पासून फेझोलिनेटंटसारखी निराळ्या जातीची औषधेही आली आहेत.

साधनाच्या बाबतीत एक नियम मात्र निवडीचा नाही. गर्भाशय शाबूत असताना इस्ट्रोजेन चालू ठेवून साधन काढले, तर अस्तराच्या रक्षणाची दुसरी तजवीज त्याच वेळी झाली पाहिजे. ब्रिटनमधील प्रघातानुसार पंचेचाळिशीनंतर बसवलेले साधन गर्भनिरोधासाठी ५५ वर्षांपर्यंत ठेवता येते. परंतु अस्तराच्या रक्षणासाठी ते दर पाच वर्षांनी बदलावे लागते. साधन एक आणि घड्याळे दोन, हे बसवतानाच सांगितले जावे. ऋतुसमाप्तीनंतर अनपेक्षित रक्तस्राव झाला, तर तपासणी टाळू नये. थांबवल्यावर हाडांना मिळणारे संरक्षणही काही वर्षांत ओसरते, याचीही जाणीव हवी.

जिच्या बाबतीत थांबणे निसर्गानेही ठरवले नाही आणि तिनेही नाही, अशी स्त्रीही या इतिहासात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये तरुणपणीच काढली जात असल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौकशी समिती नेमली. अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोशही गेले, तर पंचवीस-तीस वर्षांच्या वयात ऋतुसमाप्ती एका दिवसात येते. अशा स्त्रीला, दुसरी अडचण नसल्यास, नैसर्गिक ऋतुसमाप्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, असे आजचे वैद्यक सांगते. ज्या औषधाची न्यूयॉर्कच्या सुखवस्तू स्त्रीला अवास्तव भलावण झाली, त्याची खरी गरज असलेल्या उसाच्या फडातील स्त्रीला त्याचे नावही कोणी सांगितले नसण्याचाच संभव अधिक.

१९६६ चे पुस्तक, १९७५ चे निबंध, २००२ चे पत्र आणि २०२५ ची घोषणा यांत एक साम्य दिसते. प्रत्येक वेळी निर्णय बाहेरून आला आणि स्त्रीने तो पाळला. शरीर तिचे, वाफा तिच्या, जागरणे तिची. औषध लिहून देतानाच ते का देत आहोत, केव्हा फेरविचार करू आणि थांबवताना काय होऊ शकेल, या तीन गोष्टी तिला समजेल अशा भाषेत सांगणे फारसे खर्चाचे काम नाही. पत्र मिळाले त्या दिवशी त्या हजारो अमेरिकन स्त्रियांना आज ठाऊक असलेले सारे सांगता आले नसते, कारण त्यातील पुष्कळसे त्यांच्याच अनुभवातून पुढे शिकले गेले. त्यांच्या पाठून येणाऱ्या स्त्रीला ते न सांगण्यास मात्र आता कोणतीही सबब उरलेली नाही.